वाळवंटात आकाश सोपं, जमीन अवघड

प्रश्न थोडक्यात असा: वाळवंटात चार-पाच रात्री मुक्काम आहे आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे आहेत. जवळ ४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आणि एफ/२.८ च्या दोन लेन्स आहेत, एक १४ मिलिमीटरची आणि एक २४ ची. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं हे सांगणारा ‘५०० चा नियम’ पाळूनही तारे लांबट येतात. आकाश जमलं तरी खालची वाळू काळीठिक्कर दिसते. शिवाय ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, घ्यावा की नाही हे ठरत नाही.

सेटिंग्ज पुढे देतो, पण आधी जमिनीबद्दल बोलू. वाळवंटात आकाश बहुतेक वेळा आयतंच मिळतं. हवा कोरडी असते, ढग क्वचित येतात, गावांचे दिवे लांब असतात. कॅमेरा आकाशगंगेकडे रोखून बटण दाबणारा कोणीही पहिल्याच रात्री बऱ्यापैकी आकाश घेऊन येतो. फोटो बिघडतो तो खालच्या निम्म्या भागात, आणि तो भाग कसा येणार हे तुम्ही तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी, तारीख निवडताना ठरवलेलं असतं.

आकाशाचे फोटो म्हटलं की सगळे अमावस्या धरून निघतात. मी शक्यतो धरत नाही. अमावस्येला वाळूवर उजेडच नसतो असं नाही. तारे, आकाशगंगा आणि वरच्या हवेची स्वतःची दीप्ती मिळून एवढा प्रकाश येतो की चार-पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये वाळू व्यवस्थित दिसू लागते. अडचण वेगळीच आहे. तो उजेड सगळ्या आकाशातून सारखा येतो. त्याला बाजू नसते, म्हणून सावली पडत नाही. आणि वाळूच्या टेकडीचा उंचवटा, धार, वाऱ्याने उमटवलेल्या लहरी हे सगळं सावलीमुळेच कळतं. त्यामुळे एक्स्पोजर कितीही वाढवा, जमीन उजळते पण सपाटच राहते. काळी वाळू ही तुमची आजची तक्रार आहे. ती सुटली की सपाट वाळूची सुरू होईल.

उपाय म्हणजे चंद्राची कोर. शुद्ध चतुर्थी ते षष्ठीचा चंद्र सूर्यास्तानंतर साधारण तीन ते पाच तासांत मावळतो. मावळण्याआधीच्या तासाभरात तो पश्चिमेला खाली असतो आणि तिरपा उजेड टाकतो. त्या वेळी एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला एक ते दोन मिनिटांत जमिनीची उत्तम फ्रेम मिळते. मग ट्रायपॉडला हात न लावता चंद्र मावळायची वाट बघायची आणि काळोख पूर्ण झाला की त्याच जागेवरून आकाश घ्यायचं. सप्तमी-अष्टमीचा चंद्रही घाबरण्याइतका प्रखर नसतो. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा देतो. तिरप्या उन्हात चंद्राच्या खडबडीत पृष्ठभागावर सावल्याच सावल्या असतात. पौर्णिमेला त्या आपल्याला दिसेनाशा होतात. अष्टमीला अडचण एवढीच की चंद्र मध्यरात्रीपर्यंत हलत नाही.

हे वेळापत्रक वर्षभर सारखं चालत नाही. आकाशगंगेचा भरगच्च मध्यभाग धनु राशीत आहे, वृश्चिकाच्या नांगीला लागून. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पहाटे उगवतो, जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळीच नैर्ऋत्येला कलू लागतो. म्हणून जूनपर्यंत शुद्ध पक्षातली कोर सोयीची: आधी जमीन, मग आकाश. ऑगस्टनंतर मात्र शुद्ध पक्षातला चंद्र नेमका वृश्चिक-धनूच्या आसपास येऊन बसतो, म्हणजे हवं तेच झाकतो. तेव्हा वद्य दशमी ते द्वादशी बघा. संध्याकाळी आकाश घ्यायचं आणि पहाटे पूर्वेला कोर उगवली की त्याच जागेवरून जमीन. झोप होत नाही, त्याला इलाज नाही. पंचांग किंवा स्टेलॅरियमसारखं सॉफ्टवेअर, काहीही चालेल, पण चंद्रोदय-चंद्रास्ताच्या वेळा त्या जागेच्याच काढा. काळोख खरा होतो तो सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावर. तोवर आकाशात निळसरपणा उरतोच.

जागा कुठल्या अक्षांशावर आहे यावरही बरंच ठरतं. आकाशगंगेचं केंद्र खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे. थरच्या वाळवंटात, २७ उत्तर अक्षांशावर, ते जास्तीत जास्त ३४ अंश वर चढतं. टेकडीच्या माथ्यावर टेकवायला ही उंची छान. आफ्रिकेतल्या नामिब किंवा दक्षिण अमेरिकेतल्या आटाकामा वाळवंटात, २३-२४ दक्षिण अक्षांशावर, तेच जवळजवळ डोक्यावर जातं. दृश्य अफाट, पण आडव्या चौकटीत १४ मिलिमीटरच्या लेन्समध्येही जमीन आणि केंद्र एकत्र मावत नाहीत. तिथे केंद्र उगवताना किंवा मावळताना काम करावं लागतं.

उलट टोकाला, ते फार खाली असतानाही घाई करू नका. ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या दुप्पट हवेतून येतो, १० अंशांवरचा साडेपाच पट. वाळवंटातली हवा कोरडी असली तरी स्वच्छ असेलच असं नाही. दिवसभर वारा सुटला असेल तर बारीक धूळ रात्रभर तरंगत राहते आणि क्षितिजालगतचा पट्टा तपकिरी होतो. अशा रात्री मी खालचं आकाश सोडून देतो आणि डोक्यावरच्या हंस-गरुडाकडे वळतो. पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली निरभ्र रात्र मिळाली तर बाकीचे बेत रद्द करा.

आता प्रत्यक्ष जागा. ती दिवसा, निदान सूर्यास्ताच्या दीड तास आधी निवडायची. रात्री टॉर्चच्या उजेडात निवडलेली चौकट सकाळी बघितली की बहुधा मध्येच काटेरी झुडूप किंवा गाडीच्या चाकांची रांग निघते. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार लांब आणि सौम्य असतो, आडोशाचा उतार तीव्र, ३०-३४ अंशांचा. या दोन उतारांमधली धार हीच तुमची रेघ. चंद्र कुठल्या बाजूला असणार हे बघून अशी धार निवडा की एक उतार उजळेल आणि दुसरा काळोखात जाईल. चौकटीत येणाऱ्या वाळूवर पाय ठेवायचा नाही, लांबून वळसा घालून मागून यायचं. पावलं एकदा उमटली की वारा येईपर्यंत जात नाहीत, आणि तिरप्या चंद्रप्रकाशात प्रत्येक पाऊल खड्ड्यासारखं उठून दिसतं.

सगळी वाळवंटं वाळूची नसतात. दगडगोट्यांची, खडकांची, कोरड्या तळ्यांची वाळवंटंच जास्त. काही ठिकाणी जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी बांधलेलं ते जिवंत कवच आहे. एका पावलाने ते मोडतं आणि पुन्हा तयार व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. तिथे वाट सोडून चालू नका. फोटोसाठी तर नाहीच.

वाळूवर ट्रायपॉड नुसता टेकवला तर तो रात्रभर हळूहळू खचत राहतो. डोळ्यांना कळत नाही, फोटोत कळतं: सगळे तारे एकाच दिशेने, पण आकाशाच्या फिरण्याशी न जुळणारे ओघळलेले दिसतात. तुमच्या लांबट ताऱ्यांमागे हेही कारण असू शकतं. पाय थोडेच फाकवून एकेक पाय हाताने दाबत, हलवत खाली घट्ट थर लागेपर्यंत खुपसा. फार भुसभुशीत वाळू असेल तर पायांखाली चपट्या फळ्या किंवा रुंद चकत्या ठेवा. मधला दांडा वर काढू नका. पायांच्या खालच्या जोडावर जाड पिशवी बांधली तर कुलपात वाळू जात नाही. बॅग टांगायची असेल तर ती जमिनीला टेकेल अशी टांगा. अधांतरी बॅग वाऱ्यात झुलते आणि ट्रायपॉडलाही झुलवते.

आता तुमचा ५०० चा नियम. ५०० ला फोकल लांबीने भागायचं, येतील तेवढे सेकंद: १४ ला पस्तीस, २४ ला वीस-एकवीस. कमी पिक्सेलच्या किंवा फिल्मच्या कॅमेऱ्यांवर हे खपून जायचं. आकाश सेकंदाला १५ विकला फिरतं. तुमच्या सेन्सरवर, २४ च्या लेन्सने, वीस सेकंदांत विषुववृत्ताजवळचा तारा सुमारे आठ पिक्सेल सरकतो. तो लांबट दिसणारच. त्यापेक्षा एनपीएफ नावाचं सूत्र वापरा. त्याचं सोपं रूप असं: ॲपर्चरचा आकडा (तुमचा २.८) गुणिले ३५, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३०, आणि बेरजेला फोकल लांबीने भागायचं. तुमचा पिक्सेल साधारण ४.४ मायक्रॉनचा आहे. म्हणजे १४ ला सुमारे सोळा सेकंद आणि २४ ला साडेनऊ. ध्रुवाकडे तारे सावकाश सरकतात, तिथे थोडी सूट घेता येते. मृगाचा पट्टा विषुववृत्तावरच आहे, तिथे अजिबात नाही. फोटो फक्त मोबाइलवर बघणार असाल तर पंचवीस सेकंदही चालतील. छापणार असाल तर नाही.

वेळ निम्मा झाला म्हणजे प्रकाशही निम्मा. तो आयएसओ वाढवून परत मिळत नाही, फ्रेम वाढवून मिळतो. एकापाठोपाठ सोळा फ्रेम घेऊन त्या एकावर एक जुळवल्या (यालाच स्टॅकिंग म्हणतात) की नॉईज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, चौपट कमी होतो, कारण तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. सिक्वेटर, स्टारी लँडस्केप स्टॅकर यांसारखी सॉफ्टवेअर तारे आणि जमीन वेगवेगळे जुळवतात. उपग्रहांचे ओरखडेही यात बरेचसे पुसले जातात. २०१९ पासून स्टारलिंकचे थवे सुटू लागल्यावर सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयाआधीचे दोन-दोन तास ओरखड्यांशिवाय फ्रेम मिळणं कठीण झालं आहे.

तेव्हा आकाशासाठी: रॉ, एफ/२.८, १४ ला सोळा सेकंद आणि आयएसओ ३२००, २४ ला नऊ-दहा सेकंद आणि आयएसओ ६४००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास पक्का, लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन बंद. ते चालू ठेवलं तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेत बसतो आणि स्टॅकिंगची साखळी तुटते. जमिनीच्या लांब फ्रेमला मात्र ते जरूर चालू ठेवा, विशेषतः उन्हाळ्यात. रात्री तापमान ३० अंशांवर असेल तर सेन्सरच्या उष्णतेमुळे लाल-निळे ठिपके भरभरून येतात, आणि जमिनीची एकच फ्रेम असल्याने ते स्टॅकिंगमध्येही जात नाहीत. स्क्रीनची चमक किमान करा आणि फ्रेम बरोबर आली की नाही हे फक्त हिस्टोग्रामवरून, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखावरून, ठरवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना प्रत्येक फोटो उजळ वाटतो, सकाळी बघावं तर सगळे काळे. त्या आलेखातला डोंगरासारखा उंचवटा डाव्या कडेपासून सुटलेला हवा, चौथ्या हिश्शाच्या आसपास.

फोकस लेन्सवरच्या अनंत खुणेवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा दहापट मोठा करून तो सर्वांत बारीक होईपर्यंत कडं फिरवा, थोडं पुढे जाऊन मागे या, मग चिकटपट्टी लावा. वाळवंटात यापुढची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: दिवस-रात्रीत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज पडतो, लेन्स थंड होत आकसते आणि नऊ वाजता लावलेला फोकस बारा वाजता सरकलेला असतो. दर दोन तासांनी तपासा. पायाजवळच्या वाळूच्या लहरी चौकटीत घ्यायच्या असतील तर एफ/२.८ ला, १४ च्या लेन्सनेसुद्धा, त्या आणि तारे एकाच वेळी टोकदार येत नाहीत. त्या लहरींची वेगळी फ्रेम संधिप्रकाशात, एफ/८ ला, जवळचा फोकस लावून घ्या.

मैदानात लेन्स बदलू नका. दोन लेन्स वापरायच्याच असतील तर गाडीच्या बंद दारांआड किंवा पिशवीत हात घालून बदला. समोरच्या काचेवर वाळू दिसली तर फुंकणी वापरा. कापड लावायचं नाही. वाळूचे कण बहुतांश क्वार्ट्झचे असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. ‘वाळवंटात दव पडत नाही’ हे किनाऱ्याजवळच्या वाळवंटांत साफ खोटं ठरतं. नामिब आणि आटाकामाच्या किनाऱ्यांवर थंड सागरी प्रवाहांमुळे रात्री धुकं आत शिरतं, आणि लेन्सला गुंडाळायचा हीटर नसेल तर पहाटेपर्यंत लेन्स आंधळी झालेली असते.

खऱ्या काळोखात आकाश काळं नसतं. शहरातून गेलेल्यांना याचं नवल वाटतं आणि मग ते फोटोतला ‘दोष’ काढायला बसतात. क्षितिजावर हिरवट पट्टे दिसले तर ते बहुधा सुमारे ९५-१०० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचे असतात. दिवसा उन्हाने तुटलेले रेणू रात्री पुन्हा जुळताना ही दीप्ती सुटते. संधिप्रकाश संपल्यावर पश्चिमेला किंवा पहाटेआधी पूर्वेला राशिचक्राच्या रेषेत उभा राहिलेला धूसर शंकू म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश, कुठल्या गावाचा उजेड नव्हे. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्या पहिल्या पायरीवर आकाशगंगेच्या मध्यभागाची जमिनीवर अंधूक सावली पडते. अशा जागी गेलात तर एडिटिंगमध्ये हिरवा रंग शून्यावर नेऊ नका. तो कमी करावा, पुसू नये, असं माझं मत आहे.

जमीन आणि आकाश वेगवेगळ्या वेळी घेऊन जोडणं मला खटकत नाही, कारण कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी पेलत नाहीत. पण जागा तीच, दिशा तीच आणि रात्र तीच हवी, आणि फोटोखाली तसं लिहायला हवं. उत्तरेच्या टेकडीमागे दक्षिणेची आकाशगंगा चिकटवलेले फोटो पुष्कळ फिरतात. त्यांना फोटो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण हे टाळू नका. एकटे जाऊ नका. कुठे आहात आणि कधी परतणार हे कोणाला तरी सांगून जा. गाडीची आणि ट्रायपॉडची जागा जीपीएसवर नोंदवा, दोन्हींवर लाल मिणमिणता दिवा किंवा परावर्तक पट्टी लावा. अंधारात दोनशे मीटरवरची गाडी न सापडणं ही वाळवंटातली अगदी नेहमीची गोष्ट आहे, टेकड्या सगळ्या सारख्याच दिसतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नका. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखाली येऊन थडकतो. बूट झटकून घाला. जंबुपार (यूव्ही) किरणांचा छोटा टॉर्च जवळ ठेवा, त्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळे चमकतात आणि बसण्याआधी जागा तपासता येते. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या दिव्याने ते क्षणात बिघडतात. बरोबर आणखी कोणी फोटो काढत असेल तर हेडलॅम्पच्या रंगावरून भांडण ठरलेलं, म्हणून आधीच बोलून घ्या.

राहिला ट्रॅकर. या फेरीसाठी घेऊ नका. १४ आणि २४ च्या लेन्सना सोळा-वीस फ्रेमचं स्टॅकिंग पुरतं. ट्रॅकरची अक्षजुळणी ध्रुवाशी करावी लागते, आणि वाळूत ट्रायपॉड किंचित खचला तरी ती बिघडते. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा तरी आहे, खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आत. दक्षिणेला त्या जागी जो तारा आहे तो पाचव्या-सहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. त्यात ट्रॅकर चालू असताना जमीन पुसट होते, म्हणजे तिची फ्रेम वेगळी घ्यावीच लागते. ३५ किंवा ५० मिलिमीटरवर जाऊन ज्येष्ठा ताऱ्याजवळचे रंगीत तेजोमेघ किंवा आकाशगंगेतले काळे धूलिपट्टे टिपायचे असतील, दोन-तीन मिनिटांच्या फ्रेम आयएसओ ८०० ला हव्या असतील, तेव्हा त्याला पर्याय नाही. तेव्हाही वाळू टाळून खडकाळ जमीन शोधा. आणि घेतलाच, तर निघण्याआधी अंधारात, हातमोजे घालून अक्षजुळणी दहा मिनिटांत जमते का ते बघा. जमत नसेल तर तो सामानातून काढा आणि तेवढ्या वजनाचं पाणी भरून घ्या.